रुग्णवस्त्र आणि जंतू : औषधयुक्त कापडाच्या कल्पनेचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी औषधे, शस्त्रे, साथी आणि थोर वैद्य ह्यांच्याकडे जितके लक्ष दिले आहे, तितके रुग्णाच्या अंगावरील व अंगाखालील वस्त्राकडे दिलेले नाही. वस्तुतः रुग्णालयात दाखल झालेल्या मनुष्याचा सर्वांत दीर्घ सहवास कोणाशी असेल तर तो वस्त्राशीच होय. वैद्य दिवसातून एक-दोन वेळा येतो, परिचारिका नेमून दिलेल्या वेळी येते. परंतु झगा, चादर, उशीचा अभ्रा आणि कांबळे ही मात्र आठही प्रहर त्याला चिकटलेली असतात. त्याचा घाम, पू, रक्त, कातडीचा कोंडा हे सर्व प्रथम त्यांच्यावर उतरते, आणि त्यांच्यावर जे काही असेल ते त्याच्या जखमेपर्यंत पोहोचण्याचा मार्गही अगदी जवळचा असतो.

अलीकडच्या काही दशकांत चांदी, तांबे किंवा चतुष्क अमोनियम संयुगे ह्यांचा अंश असलेली ‘जंतुनाशक’ रुग्णवस्त्रे बाजारात आलेली आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे भय जसजसे वाढते आहे तसतशी ती विकत घ्यावीत अशी शिफारसही अधिक जोराने होते आहे. ह्या वस्त्रांचे गुणदोष ठरविणे हे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञांचे काम आहे. तथापि कापडातच औषध मुरवून ठेवावे ही कल्पना गेल्या दीडशे वर्षांत निदान तीन-चार वेळा उदयास आली, लोकप्रिय झाली व मागे पडली. ती प्रत्येक वेळी का पुढे आली आणि का मागे पडली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि त्याचे उत्तर आजच्या खरेदीलाही उपयोगी पडण्यासारखे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘जंतुनाशक वस्त्र’ ह्या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू वावरताना दिसतात. पहिली, जखमेवर औषध पोहोचविणारे कापड. येथे कापड हे केवळ वाहन असते. दुसरी, ज्यावर जिवंत जंतू उरलेले नाहीत असे, म्हणजे धुऊन, उकळून वा वाफ देऊन शुद्ध केलेले कापड. ह्याच्या अंगी स्वतःचा मारक गुण काहीच नसतो. तिसरी, ज्याला बुरशी लागू नये, जे कुजू नये किंवा ज्याला घाण येऊ नये म्हणून ज्यात रसायन घातलेले आहे असे कापड. येथे रक्षण होते ते मनुष्याचे नव्हे, तर कापडाचेच. पुढील विवेचनात दिसेल की एका जातीच्या कापडाने मिळविलेली प्रतिष्ठा दुसऱ्या जातीच्या कापडाने नकळत आपल्या नावावर मांडून घेतलेली आहे.

आपल्याकडील प्राचीन ग्रंथांचा ह्या संदर्भात हटकून उल्लेख केला जातो, म्हणून त्यांच्याविषयी थोडेसे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, नवजात बालकाच्या अंथरूण-पांघरुणासंबंधी सूचना आहेत. ती मऊ, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावीत. घाम, मळ, जंतू आणि मलमूत्र ह्यांनी दूषित झालेली टाकून द्यावीत. दुसरी मिळणे शक्य नसेल तर तीच उत्तम प्रकारे धुऊन, धुरी देऊन, शुद्ध व कोरडी झाल्यावर वापरावीत, असा त्याचा आशय आहे. सूचना निःसंशय शहाणपणाची आहे. परंतु तेथील ‘जंतु’ ह्या शब्दावरून कॉख व पाश्चर ह्यांचे जंतू चरकास माहीत होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे शब्दाचा आजचा अर्थ दोन हजार वर्षे मागे ढकलणे होय. तेथे अभिप्रेत आहेत ते डोळ्यांना दिसणारे किडे व क्षुद्र जीव. मात्र ह्या उताऱ्यातील क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे : प्रथम टाकणे, ते न जमल्यास धुणे, मग धुरी व वाळवणे. औषधी धूर हा धुण्याच्या जागी आलेला नाही, तो धुण्यानंतर आलेला आहे.

औषधयुक्त कापडाचा आधुनिक इतिहास जोसेफ लिस्टरपासून सुरू होतो. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याचे नडगीचे हाड मोडून कातडी फाटली होती. अशा उघड्या अस्थिभंगात पाय कापणे हाच त्या काळी सर्वमान्य उपाय असे, कारण जखम चिघळून मृत्यू ओढवण्याचे भय मोठे होते. लिस्टरने कार्बॉलिक आम्लात भिजविलेले कापड त्या जखमेवर ठेवले; जखम चिघळली नाही व पाय वाचला. १८६७ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्याने अशा अकरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली.

ओल्या कापडाची अडचण लवकरच लक्षात आली. कार्बॉलिक जखमेतील स्रावाने धुऊन जाई व वाळून उडून जाई. औषध कापडात टिकावे आणि हळूहळू सुटत राहावे ह्यासाठी लिस्टरने १८७० च्या सुमारास जी युक्ती योजली तिच्यात औषधयुक्त कापडाचे सर्व तत्त्व, आणि त्याचे सर्व दोषही, साठविलेले आहेत. विरळ विणीचे मलमलीसारखे सुती कापड घेऊन त्यात कार्बॉलिक आम्ल एक भाग, राळ पाच भाग आणि पॅराफिन मेण सात भाग असे वितळविलेले मिश्रण मुरविण्यात येई. राळ आम्लाला धरून ठेवी व शरीराच्या उष्णतेने थोडे थोडे सोडी. मेणामुळे राळेचा चिकटपणा कमी होई. ह्या जाळीदार कापडाचे आठ पदर जखमेवर ठेवीत, आणि सर्वांत वरच्या पदराखाली रबर लावलेल्या कापडाचा एक तुकडा घालीत. जखमेचा स्राव सरळ वर न येता संपूर्ण कापडातून बाजूला वाहत जावा, म्हणजे बाहेरच्या हवेला भिडण्यापूर्वी त्याला औषधाचा भरपूर संपर्क घडावा, असा त्यात हेतू होता.

परंतु ह्या रचनेतील सर्वांत बोलका भाग सर्वांत खाली होता. जखमेला लागूनच लिस्टर तेल व रोगण दिलेल्या रेशमाचा एक पातळ तुकडा ठेवीत असे आणि त्याला त्याने ‘संरक्षक’ असे नाव दिले होते. हे संरक्षण जंतूंपासून नव्हते. ते स्वतःच्याच औषधापासून होते; कारण जंतूला मारणारे कार्बॉलिक जखमेत नव्याने भरून येणाऱ्या नाजूक मांसालाही जाळीत असे. औषधयुक्त कापडाच्या जन्मदात्यालाच ते कापड व रुग्णाचे शरीर ह्यांच्यामध्ये पडदा घालावा लागला, ही गोष्ट पुढील काळातील उत्साही लेखकांनी फारशी सांगितलेली नाही. कार्बॉलिक शरीरात शोषले जाऊन लघवी काळसर होणे व क्वचित विषबाधा होणे हेही त्या काळच्या शल्यवैद्यांच्या परिचयाचे होते. शिवाय साठवणीत औषध उडून जाऊन कापड निर्बल होई ते वेगळेच. लिस्टर ह्या अडचणींशी अखेरपर्यंत झगडत राहिला. १८८९ साली त्याने पारा व जस्त ह्यांच्या दुहेरी सायनाइडने युक्त असे नवे कापड सुचविले. तोपर्यंत मात्र प्रश्नच बदलला होता.

प्रश्न बदलला तो जर्मनीत. १८८१ साली रॉबर्ट कॉख ह्याने निरनिराळ्या जंतुनाशकांची काळपुळीच्या बीजाणूंवर पद्धतशीर परीक्षा केली. तेलात विरघळविलेल्या कार्बॉलिकचा बीजाणूंवर काहीच परिणाम होत नाही असे त्याला आढळले. पाऱ्याचे क्लोराइड त्या मानाने फारच प्रभावी ठरले. त्याच वर्षी कॉख, गाफ्की व लोफ्लर ह्यांनी उष्णतेसंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोरड्या उष्णतेपेक्षा वाहती वाफ कापडाच्या गठ्ठ्यात अधिक लवकर व अधिक खोल शिरते आणि जंतूंचा निःपात करते, हे त्यांनी दाखवून दिले. बर्लिन येथे एर्न्स्ट फॉन बेर्गमान व त्याचा साहाय्यक कुर्ट शिमेलबुश ह्यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या तत्त्वावर जखमेची कापडे धातूच्या भोके असलेल्या डब्यांत भरून वाफेने शुद्ध करण्याची पद्धत बसविली. वापरावयाच्या वेळी कापडात औषध नसे; त्यात काहीच नसे, आणि हाच त्याचा गुण होता.

आपल्याकडील परटाची भट्टी येथे सहजच आठवते. खारात भिजविलेले कपडे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर रचून त्यांना दीर्घकाळ वाफ देण्याची ती रीत कॉखच्या पूर्वीपासून चालत आलेली होती. परंतु भट्टीतून निघालेले कापड कोणत्या पाण्यात खंगाळले जाते व कोणाच्या कपड्यांबरोबर वाळते ह्यावर पुढचे सारे अवलंबून राही. ह्याच संशयावरून हिंदुस्थानातील गोऱ्या साहेबांनी जांघेतील नायट्याला ‘धोबी इच’ असे नाव देऊन ठेवले. उष्ण व दमट हवेत घट्ट कपडे घालणाऱ्याच्या रोगाचा दोष धुणाऱ्याच्या माथी मारला गेला, आणि शब्दकोशात तो कायमचा राहिला!

वस्त्र हे रोगाचे वाहन आहे ही समजूत कायद्याच्या हातात गेली म्हणजे काय होते ह्याचा अनुभव महाराष्ट्राला १८९६-९७ मध्ये आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. घरांवर पाऱ्याच्या क्लोराइडच्या द्रावणाचे फवारे मारण्यात आले, कपडे औषधात बुडविण्यात आले, रोग्यांची अंथरुणे व चिंध्या जाळण्यात आल्या. पुण्यातील झडत्यांविरुद्धच्या तक्रारींत घरातील चीजवस्तूंच्या नासधुशीची तक्रार होती. त्या रोषाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला हे सर्वश्रुत आहे. ज्याच्या घरी दोनच धडुती आहेत त्याची अंथरूण-पांघरुणे जाळणे म्हणजे काय, ह्याचा विचार आरोग्याच्या इतिहासकाराने केलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, कराचीत पॉल-लुई सिमाँ ह्याने उंदरावरील पिसू हा प्लेगचा वाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले, जरी ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. वस्त्रावरील संशय सर्वस्वी खोटा नव्हता, कारण पिसवा कपड्यांतून प्रवास करीत. परंतु फवारा जंतूवर नेम धरून मारला जात होता आणि वाहक उंदराबरोबर कौलांतून व बिळांतून हिंडत होता.

ह्यानंतरचा प्रसंग ट्यूनिसचा आहे, आणि रुग्णवस्त्राच्या इतिहासात त्याच्या तोडीचा दुसरा प्रसंग क्वचितच सापडेल. तेथील पाश्चर संस्थेचा संचालक शार्ल निकोल हा टायफस ज्वराचा अभ्यास करीत होता. सादिकी रुग्णालयात ह्या रोगाचे पुष्कळ रोगी येत. दाराबाहेर ते इतरांना रोग देत. त्यांना दाखल करून घेणारे कर्मचारी आजारी पडत. त्यांचे कपडे गोळा करणारे व धुणारे आजारी पडत. परंतु एकदा रोग्याचे कपडे काढून घेऊन, त्याला स्नान घालून, रुग्णालयाचे कपडे चढविले की त्याच रोग्यापासून कक्षातील शेजाऱ्याला काहीही होत नसे. दार आणि कक्ष ह्यांच्यामध्ये असे काय मागे राहत होते? निकोलने तर्क केला की ते रोग्याच्या कपड्यांत असले पाहिजे. म्हणजेच अंगावरील ऊ. १९०९ साली माकडांवर प्रयोग करून त्याने हे सिद्ध केले आणि १९२८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. येथे रुग्णालयाच्या झग्यात औषधाचा लवलेशही नव्हता. तो निराळा होता आणि स्वच्छ होता, एवढेच त्याचे सामर्थ्य. रोगप्रसार थांबविण्याच्या कामी रुग्णवस्त्राने मिळविलेला बहुधा सर्वांत मोठा विजय हा वस्त्र बदलण्याचा विजय आहे.

औषधयुक्त कापडाची कल्पना पुन्हा उचल खाते ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इंग्लंडमधील रुग्णालयांत, आणि ह्या वेळी तिचा विषय जखमेची पट्टी नसून अंगावरचे पांघरूण हा आहे. हा भाग थोडा विस्ताराने सांगणे अवश्य वाटते, कारण आजच्या वादातील जवळजवळ प्रत्येक मुद्दा तेथे एकदा येऊन गेलेला आहे.

इंग्रजी रुग्णालयातील पलंगावर सुती चादर असे व तिच्यावर लोकरीचे कांबळे असे. चादर उकळता येई. लोकर मात्र उकळता येत नाही. तिच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात, ते गरम पाण्यात घुसळल्याने एकमेकांत अडकतात आणि कांबळे आटून फळीसारखे होते. त्यामुळे कांबळी क्वचितच व कोमट पाण्यात धुतली जात, आणि कित्येकदा एका रोग्याचे कांबळे न धुताच दुसऱ्याच्या अंगावर जाई. सकाळी परिचारिका अंथरुणे झटकून घालू लागल्या की कक्षातील हवेत जंतूंची संख्या एकदम वाढते, असे हवेचे नमुने घेणाऱ्यांना आढळले. लोकरीच्या बारीक तंतुकणांवर स्वार होऊन स्ट्रेप्टोकॉकस जंतू एका पलंगावरून दुसऱ्यावर जात होते. भाजलेल्या रुग्णांच्या आणि गोवर किंवा लोहितज्वर झालेल्या मुलांच्या कक्षांत ही गोष्ट जीवघेणी होती.

(आपल्याकडील सोवळ्याच्या रीतीत धाबळी आणि मुकटा, म्हणजे लोकर व रेशीम, ही रोज न धुताही शुद्ध मानली जातात, आणि सुती वस्त्र मात्र धुतल्यावाचून चालत नाही. रुग्णालयाच्या सोवळ्याने लावलेला निकाल नेमका उलटा आहे. दोन्ही ठिकाणी मूळ कारण एकच असावे की काय, असा विचार मनात येतो : जे धुणे कठीण, ते न धुण्यासाठी काहीतरी आधार शोधावा लागतो.)

१९४०-४१ मध्ये व्हॅन डेन एंडे व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रथम जमिनीला व नंतर अंथरुणांना खनिज तेलाचा हात देण्याची युक्ती प्रसिद्ध केली. धुण्याच्या अखेरच्या पाण्यात तेलाचे पायस मिसळावयाचे. ते तंतूंना चिकटते आणि धूळ व जंतू तेथेच खिळून राहतात. तेल जंतूला मारीत नाही, बांधून ठेवते. १९४४ साली राइट, क्रुकशँक व गन ह्यांनी गोवराच्या मुलांच्या कक्षांत ह्या उपायाचा प्रयोग केला, तेव्हा हवेतील स्ट्रेप्टोकॉकस तर घटलेच, शिवाय मुलांना एकमेकांपासून होणारा संसर्गही पुष्कळ कमी झाल्याचे दिसले. आशा पल्लवित होणे स्वाभाविक होते. परंतु १९४७ साली असाच प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा तसा लाभ दिसून आला नाही. अमेरिकन सैन्याच्या नव्या रंगरूटांच्या बराकींतही तेल दिलेली जमीन व अंथरुणे वापरून पाहण्यात आली. तेथे श्वसनरोगांत म्हणण्याजोगी घट झाली नाही. हवेतील जंतू मोजणे आणि आजारी मुले मोजणे ह्या दोन मोजण्या एक नव्हेत, हा धडा येथे मिळाला. तो पुढे अनेकदा विसरला गेला.

बांधून ठेवण्याऐवजी मारावे, ही पुढची पायरी. १९३५ साली गेर्हार्ट डोमाक ह्याने चतुष्क अमोनियम संयुगांचा जंतुनाशक गुण प्रसिद्ध केला होता. ही संयुगे धनभारित असतात आणि ऋणभारित तंतूंना आपण होऊन चिकटतात, म्हणून कापडाला ती देणे सोपे. सिडनी येथे फिलिस राउंट्री ह्या सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ विदुषीने १९४६ साली तेलाच्या पायसात असे एक संयुग मिसळून कांबळ्यांना देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्लंडात ब्लोअर्स व वॉलेस ह्यांनी १९५५ साली सेट्रिमाइडने कांबळी निर्जंतुक करण्याची पद्धत मांडली. त्या काळात पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसने, विशेषतः ८०/८१ ह्या प्रकाराने, प्रसूतिगृहे व शस्त्रक्रियेचे कक्ष हैराण करून सोडले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या धडपडीमागील तळमळ कळते. परंतु एक विघ्न विचित्र होते. साबण हा ऋणभारित असल्यामुळे तो ह्या संयुगांचा गुण नष्ट करतो; कांबळे नीट खंगाळले गेले नाही तर त्यात उरलेला साबण रसायनशास्त्रज्ञाची सर्व करामत निष्फळ करी. म्हणजे औषधाचे यश अखेर धोबीखान्यातील खंगाळणाऱ्यावरच येऊन ठेपले.

मग हा प्रश्न सुटला कसा? तो कोणत्याही औषधाने सुटला नाही. १९५८ च्या सुमारास इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांतून लोकर, टेरिलिन की कापूस अशी उघड चर्चा सुरू झाली आणि हळूहळू लोकरीचे कांबळे रुग्णालयातून बाहेर गेले. त्याची जागा जाळीदार विणीच्या सुती पांघरुणाने घेतली. विणीतील पोकळ्यांत हवा कोंडून राहत असल्याने ते ऊब देई आणि चादरीसारखे उकळता येई. पुढे ब्रिटनमधील रुग्णालयीन धुलाईसाठी ६५ अंश सेल्सियसवर निदान १० मिनिटे, अथवा ७१ अंशांवर निदान ३ मिनिटे अशी मर्यादा ठरविण्यात आली. उकळलेले सुती पांघरूणही रुग्णाच्या अंगावर गेल्यावर पुन्हा दूषित होते, हे खरेच आहे. पण ते पुन्हा उकळता येते.

दरम्यान तिसऱ्या जातीचे कापड, म्हणजे स्वतःचे रक्षण करणारे, एका निराळ्याच वाटेने वाढत होते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू, पट्टे व ताडपत्र्या दमट हवेत भराभर कुजू लागल्या. सॉलोमन बेटांवरील अशाच एका कुजलेल्या कापडावरून वेगळी केलेली बुरशी पुढे ट्रायकोडर्मा रीसाय ह्या नावाने प्रसिद्ध झाली आणि कापसातील सेल्युलोज विघटित करण्याच्या उद्योगात तिचे मोठे बस्तान बसले, हा त्यातला विनोद. कापड वाचविण्यासाठी ताम्र नॅफ्थेनेटासारखी रसायने वापरण्यात आली. युद्धानंतर ही विद्या मोजे, गाद्या, खेळाडूंचे कपडे ह्यांच्याकडे वळली. घामाचा वास येऊ नये हा तेथील हेतू. अमेरिकेतील कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे : ज्या वस्तूत जंतुनाशक घातले आहे ती विशेष नोंदणीवाचून विकता येते, परंतु ते जंतुनाशक वस्तूचेच रक्षण करते एवढेच तेव्हा म्हणता येते, वापरणाऱ्याला रोगापासून वाचविते असे म्हणता येत नाही. जपानमध्ये मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे रुग्णालयांत भय पसरल्यावर तेथील वस्त्रोद्योगाने वास रोखणाऱ्या कापडासाठी निळे व वैद्यकीय उपयोगाच्या कापडासाठी लाल अशी वेगवेगळी चिन्हे ठरविली. व्यापाऱ्यांनी आपण होऊन केलेला हा भेद स्तुत्य होय.

चांदीची कथा ह्या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर आहे. १९६५ साली सेंट लुइस येथील कार्ल मॉयर व सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांच्या अंगावर अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने सतत ओले ठेवलेले जाड कापडी थर बांधण्याची पद्धत पुनरुज्जीवित केली. जंतू आटोक्यात आले. परंतु चादरी, भिंती, परिचारिकांचे हात सारे काळे पडले आणि रुग्णाच्या शरीरातील क्षार बाहेर खेचले जाऊ लागले. १९६८ साली आलेल्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाने हा त्रास पुष्कळ कमी केला. १९७५ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील भाजलेल्यांच्या कक्षातून चांदीलाच दाद न देणारा साल्मोनेला नोंदविला गेला. औषध तोंडाने घेतलेले असो की कापडात मुरविलेले असो, जंतूच्या दृष्टीने तो दबावच. तेव्हा त्याला तोंड देणारे वाण निपजणे अटळ असते.

आता अगदी अलीकडच्या कामाकडे वळू. २००० साली नीली व मेली ह्यांनी रुग्णालयातील कापडांवर व प्लास्टिकवर जंतू किती काळ जगतात हे पाहिले. स्टॅफिलोकॉकस व एंटेरोकॉकस निदान एक दिवस तरी टिकले आणि काही पदार्थांवर तर ९० दिवसांहूनही अधिक टिकले. तेव्हा कापडावरील जंतूंची भीती निराधार नव्हे. औषधयुक्त कापडाची जी प्रमाणित परीक्षा प्रयोगशाळेत होते ती मात्र ओल्या कापडावर, उबदार तापमानात, १८ ते २४ तास इतका अवधी देऊन होते. कक्षातील कापड बहुधा कोरडे असते, त्यावर घाम व रक्त ह्यांतील प्रथिनांचा थर असतो, आणि जंतूला तेथून हातावर जाण्यास एक क्षण पुरतो.

२०१४ साली इस्राएलमधील दीर्घकालीन उपचारांच्या एका कक्षात, मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी, ताम्र ऑक्साइडयुक्त चादरी, अभ्रे व झगे वापरून संसर्गाचे प्रमाण २४ टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले. ह्या अभ्यासात नेहमीच्या वस्त्रांचा एक कालखंड व ताम्रयुक्त वस्त्रांचा दुसरा कालखंड ह्यांची तुलना होती. मधल्या काळात कक्षात आणखी काय बदलले हे अशा रचनेत नीटसे वेगळे काढता येत नाही. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांविषयी २०१७ साली आलेला अभ्यास रचनेने अधिक काटेकोर होता, रुग्ण व परीक्षक दोघांनाही वस्त्राचा प्रकार ठाऊक नव्हता, आणि तेथेही लाभ दिसला. मात्र मोजमाप थेट संसर्गाचे नसून प्रतिजैविके सुरू करावी लागण्याच्या प्रसंगांचे होते. उलट त्याच वर्षी अमेरिकेत ४० परिचारिकांना साधे व दोन प्रकारचे जंतुरोधक गणवेश आळीपाळीने देऊन केलेल्या प्रयोगात गणवेशावरील जंतूंचे प्रमाण कमी झाले नाही. परिचारिकेचा गणवेश काही तासांचा, रुग्णाची चादर दिवसरात्रीची. तेव्हा एकाचा निकाल दुसऱ्यावर लादणे योग्य नाही, हे मान्य केले पाहिजे. गोवराच्या कक्षातील १९४४ व १९४७ च्या प्रयोगांची जोडी ज्याने वाचली आहे तो मात्र कोणत्याही पहिल्या अनुकूल निकालावर सही करण्यापूर्वी दुसऱ्याची वाट पाहील. अशा अनेक अभ्यासांत कापड बनविणाऱ्यांचा सहभाग असतो, ही गोष्टही वाचकाने दृष्टीआड करू नये.

धुण्याचा प्रश्न आहेच. २००८ साली अ‍ॅरिझोनातील बेन व वेस्टरहॉफ ह्यांनी बाजारातील चांदीयुक्त मोजे पाण्यात हलवून पाहिले. काही मोज्यांतील चांदी थोड्याच धुण्यांत जवळजवळ सर्व निघून गेली, तर काहींची टिकून राहिली. रुग्णालयाची चादर मोज्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा व कितीतरी अधिक उष्ण पाण्यात धुतली जाते. निघून गेलेली धातू सांडपाण्यात जाते, आणि सांडपाण्यातही जंतूच असतात.

सार्वजनिक रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात कापडासाठी जी रक्कम असते तिच्यात प्रत्येक खाटेमागे दोन झगे घ्यावयाचे की पाच, हा निर्णय दडलेला असतो. पाच झगे असतील तर मळलेला झगा त्याच दिवशी बदलता येतो. दोनच असतील तर त्यातील एक ओला असतो आणि दुसरा अंगावर. औषधयुक्त झगा महाग असल्यामुळे तो विकत घेणाऱ्या संस्थेचा कल साहजिकच कमी झगे घेण्याकडे व ते कमी वेळा धुण्याकडे होईल. कमी धुतल्याने त्यातील औषध टिकेल, हे तर विक्रेताही सांगेल. निकोलच्या सादिकी रुग्णालयात जे कार्य घडले त्याच्या नेमके उलट कार्य अशा रीतीने घडू शकेल.

ह्या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. येथे सांगितलेली बहुतेक हकीकत वैद्यांनी व रसायनशास्त्रज्ञांनी लिहिलेल्या निबंधांवर आधारलेली आहे, आणि त्यांत धुणारा कोठेच बोलत नाही. आपल्या जुन्या रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांतून, कापडखरेदीच्या निविदांतून आणि धोबीखान्याच्या नोंदवह्यांतून किती कपडे गेले, किती परत आले, किती फाटले, कांबळी वर्षातून किती वेळा धुतली, ह्याचे आकडे मिळण्याचा संभव आहे. औषधाच्या वह्या जपून ठेवल्या जातात. कपड्यांच्या वह्या रद्दीत घालण्याची आपली पद्धत असल्याने हे काम जितके लवकर हाती घेता येईल तितके बरे.